सत्ताविसावा झेंडा

डॉक्टर लाडोबाच्या बोटीत उतरले तेव्हा मी धक्क्यावर डिझेल भरत होतो. नळी माझ्या हातात, टाकी भरून वाहायला लागलेली, आणि माझं लक्ष भलतीकडेच. खलाशी ओरडला तोवर माझ्या चपला चिंब झाल्या होत्या.

डॉक्टरांनीही मला पाहिलं. हात वर केला, तोही अर्धाच. मग टोपी सारखी केल्यासारखं केलं आणि लाडोबाच्या दंडाला धरून बोटीत पाय टाकला. बारा वर्षं हा माणूस माझ्या बोटीत उडी मारून उतरला. कधी कुणाचा आधार घेतला नाही. इथं मात्र दंड धरून, अगदी सावकाश, आणि लाडोबाही दुसरा हात त्यांच्या पाठीशी धरून उभा. "बघ, काय कौतुक चाललंय," मी खलाशाला म्हणालो. खलाशी माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि एका कानानं बहिरा आहे. तो म्हणाला, "झाकण कुठं ठेवलंत?"

लाडोबा म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. हे नाव मी ठेवलेलं आणि फक्त मनातल्या मनात वापरायचं. चार बहिणींच्या पाठीवर झालेला, त्यामुळे जन्मापासून कुणी त्याला नाही म्हटलेलं नाही आणि तोही कुणाला नाही म्हणत नाही. आम्हा दोघांचा धंदा एकच, हौशी लोकांना खोल समुद्रात गळानं मासे धरायला नेण्याचा. पण मी माणसं मासे धरायला नेतो आणि हा जावई नेल्यासारखा नेतो. बाकांवर गाद्या, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले रुमाल, दर अर्ध्या तासानं "काही हवं का?" समुद्रात काय हवं असणार? मासा हवा असतो.

आणि डॉक्टरांना तर फक्त मासाच हवा असायचा, निदान मला तसं वाटत होतं. डॉक्टर दातांचे. आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवून त्यांच्या तोंडात हत्यारं घातली आणि वर्षातले तीन दिवस स्वतः माझ्या बोटीच्या मागच्या खुर्चीत बसले. पहिल्या वर्षी मी त्यांना पट्टा बांधत होतो तेव्हा म्हणाले होते, "जास्त दुखणार नाही ना?" तेव्हापासून आमचं जमलं.

आमच्याकडचा मोसम म्हणजे फार तर दहा आठवडे. पाऊस थांबला की नद्यांचं गढूळ पाणी हळूहळू निवळतं, खालून गार पाणी वर येतं आणि त्याच्याबरोबर बारीक मासळीचे थवे किनाऱ्याच्या जवळ येतात. त्यांच्या मागे येतो तो मोठा मासा, लांब चोचीचा, पाठीवर शिडासारखा पर असलेला. आम्ही त्याला नुसतं शीड म्हणतो. सकाळी वारा जमिनीवरून असतो तोवर समुद्र तव्यासारखा सपाट. दुपारी दीडनंतर वारा उलटतो आणि मग पोटातलं सगळं बाहेर. किनाऱ्याचं हिरवं पाणी आणि बाहेरचं निळं पाणी जिथं भेटतं तिथं एक रेघ दिसते. तिला आम्ही शिवण म्हणतो. शिवण रोज हलते. कधी चार मैलांवर, कधी अकरा. ती ज्याला सापडली त्याला शीड सापडलं.

हे सगळं मी तेवीस मोसम वहीत लिहीत आलोय. पाणी किती गार, रंग कसा, वारा कधी उलटला, चंद्र केवढा, पक्षी कुठं बसले होते. डॉक्टर दरवर्षी दोन महिने आधी फोन करायचे, "तांडेल, यंदा कधी येऊ?" आणि मी वही चाळून तारीख द्यायचो. बारा वर्षांत माझी तारीख एकदाही चुकली नाही. यंदा मी पौर्णिमेनंतरचे चौथा, पाचवा आणि सहावा असे दिवस सांगितले होते. डॉक्टर बरोबर त्याच दिवशी आले. तारीख माझी आणि बोट त्याची. मला झोंबलं ते हे.

फोनवर त्यांनी आणखीही काही विचारलं होतं. लाटा किती असतील, वारा नक्की किती वाजता उलटतो, दीडच्या आत परत येता येईल ना. पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, वय झालं माणसाचं. 'बोट तयार ठेव' असं ते म्हणाले नाहीत, पण तसं ते कधीच म्हणायचे नाहीत. बायकोला कुणी 'मी घरी येतोय' असं सांगतं का?

त्या पहिल्या दिवशी माझ्या बोटीवर नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा तासाभरात हिरवा पडला आणि कठड्याला मिठी मारून बसला. नवरी मात्र प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. मला साडेआठला शिवण सापडली, वर पक्षी घिरट्या घालत होते. आमच्यात पद्धत अशी की पक्षी दिसले की रेडिओवर सगळ्यांना सांगायचं. समुद्र कुणाच्या बापाचा नाही. मी रेडिओ हातात घेतला आणि परत खाली ठेवला. लाडोबाची बोट दूर हिरव्या पाण्यात चकरा मारत होती. मारू दे. संध्याकाळी त्याच्या बोटीची झेंड्याची काठी मोकळी होती तेव्हा मला भूक लागली, चांगली कडकडून.

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींचे झेंडे तीच शिवते. पांढऱ्या कापडावर निळं शीड. आमच्याकडे शीड धरून परत सोडून देतात, आणि सोडलेल्या प्रत्येक शिडामागे एक झेंडा, तोही उलटा, काठीवर लावून बोट परत येते. नवीन माणूस हमखास सांगतो, अहो, झेंडा उलटा लागलाय. डॉक्टरांच्या झेंड्यांवर बायको कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आकडा शिवायची. सव्वीस झाले होते. सगळे डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर, खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला दिसतील असे. सत्ताविसावा तिनं पावसातच शिवून ठेवला होता.

मी खण उघडला. खणात झेंडा नव्हता.

"झेंडा कुठं आहे?"

"तो घेऊन गेला," बायको म्हणाली. तिच्या तोंडी 'तो' म्हणजे एकच.

"आणि तू दिलास."

"मग काय करू? डॉक्टर त्याच्या बोटीवर आहेत, झेंडा डॉक्टरांचा आहे. तुमच्या खणात अंडी घालणार होता का?"

"तुला माहीत होतं. कधीपासून?"

"परवा सांगितलं त्यानं. डॉक्टरांनी स्वतः फोन केला होता त्याला. तो कशाला नाही म्हणेल?"

"त्याला नाही म्हणता येतं तरी का?"

बायकोनं दोरा दातानं तोडला. "अहो, एवढं पोटात दुखतंय तर जाऊन विचारा ना त्यांना, का नाही आलात म्हणून. दोन मिनिटांचं काम."

"मी का विचारू? मी काय मुलगी दाखवलीय त्यांना?"

"नाही," ती म्हणाली, "पण चेहरा तसाच झालाय."

दुसरा दिवस मोसमातला सर्वांत सुंदर होता, आणि हे मला आधीपासून माहीत होतं याचाच मला जास्त राग येत होता. पाणी इतकं निळं की हात बुडवला तर रंग लागेल असं वाटावं. शिवण सहा मैलांवर, सरळ, आखल्यासारखी. नवरा आज गोळी घेऊन आला होता आणि झोपला होता. नवरीनं नऊच्या आत एक शीड धरलं. चांगलं धरलं, एकटीनं धरलं, मी तिला पाणी दिलं, शाबास म्हटलं आणि दुर्बीण लाडोबाच्या बोटीवर लावली.

तिकडे शीड लागलं होतं. डॉक्टर मागच्या खुर्चीत, रॉड वाकलेला, आणि शंभर हातांवर शीड पाण्याबाहेर उभं राहून मान झटकत होतं. मोठं होतं, माझ्या बोटीवर आलेल्या कुठल्याही शिडाएवढं. मग मी दुर्बीण थोडी खाली आणली आणि लाडोबाचा हात दिसला.

रॉडवर. डॉक्टरांच्या हाताच्या वर, पक्का.

आमचा नियम साधा आहे. रॉड एकदा हातात घेतला की शीड बोटीला लागेपर्यंत दुसऱ्या कुणी रॉडला, रिळाला, दोरीला हात लावायचा नाही. लागला तर शीड मोजायचं नाही, झेंडा लावायचा नाही. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सगळ्यांत मोठ्या शिडाच्या वेळी रॉड निसटता निसटता माझ्या खलाशानं खालून धरला होता, एक-दोन म्हणेपर्यंत. आसपास दहा मैल कुणी नव्हतं. मी झेंडा लावू दिला नाही. डॉक्टर त्या संध्याकाळी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, "रात्रभर विचार केला. तू काल झेंडा लावला नाहीस, म्हणजे आधीचे सगळे खरे आहेत." माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललेलं नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही.

मी आकडे मोजायला लागलो. लाडोबाचा हात शंभर मोजेपर्यंत होता, मग मी मोजायचं सोडलं. मनातून मला काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. सापडला, असं झालं. आता डॉक्टरांना कळेल, गाद्या आणि रुमाल म्हणजे काय आणि तांडेल म्हणजे काय.

झेंडा दिवस मावळेपर्यंत काठीवर राहतो. तोवर कुणाची हरकत असेल तर त्यानं धक्क्यावर यायचं आणि सगळ्यांसमोर, तोंडावर सांगायचं. मागून कुजबुज चालत नाही. हा नियम मीच आणलेला. त्या दिवशी मी लाडोबाच्या आधी परत आलो आणि वाट बघत उभा राहिलो. वारा उलटायच्या आत, एक वाजून दहा मिनिटांनी त्याची बोट आली. काठीवर झेंडा उलटा, कोपऱ्यात माझ्या बायकोनं शिवलेला लाल सत्तावीस. दहा-बारा माणसं टाळ्या वाजवत होती. डॉक्टर खुर्चीतच बसून होते, दोन्ही हात मांडीवर, टोपी डोळ्यांवर.

"झेंडा उतरव," मी म्हणालो.

टाळ्या थांबल्या. लाडोबानं माझ्याकडे बघितलं. "काय झालं, भाऊजी?"

"रॉडला हात लागला होता."

"कुणाचा?"

"तुझा. मी दुर्बिणीतून पाहिलंय."

त्यानं एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लाडोबाचा चेहरा मी पंचवीस वर्षं बघतोय. तो रागावला तर गाल लाल होतात. तसं काही झालं नाही. "हो, लागला," तो म्हणाला. "चुकून लागला असेल. उतरवतो."

"चुकून? शंभर मोजले मी. शंभर मोजेपर्यंत कुणाचा हात चुकून असतो?"

"भाऊजी, उतरवतो म्हटलं ना. घरी बोलू."

"घरी नाही, इथंच," मी म्हणालो. मला ते सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. एका माणसानं तर ऐकायलाच हवं होतं.

तो माणूस खुर्चीतून उठला. "त्याला बोलू नकोस," डॉक्टर म्हणाले. "मीच सांगितलं होतं हात लाव म्हणून. झेंडा मी उतरवतो."

ते काठीपाशी आले. झेंडा दोन साध्या गाठींनी बांधलेला असतो, लहान मूलसुद्धा सोडेल. डॉक्टरांचा उजवा हात वर गेला आणि गाठीपाशी पोचला आणि तिथं थरथरायला लागला. थोडा नाही. झेंडाही त्याच्याबरोबर हलायला लागला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. दोरीचं टोक बोटांत येत होतं आणि निसटत होतं. ज्या हातानं चाळीस वर्षं माणसांच्या जबड्यात केसाएवढ्या दोऱ्यानं टाके घातले, तो हात. कुणीतरी खोकलं.

मी सर्वांत जवळ होतो. माझा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. बारा वर्षांची सवय. या माणसाच्या कामात हात घालायचा नाही.

गाठ लाडोबानं सोडली. झेंड्याची घडी घातली आणि डॉक्टरांच्या खिशात ठेवली, जणू रोजचंच काम आहे.

संध्याकाळी मी डॉक्टरांच्या उतरायच्या जागी गेलो. धक्क्यामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर ते दरवर्षी तीच खोली घेतात. एक खाट, एक खुर्ची, खिडकीतून बोटींच्या काठ्या दिसतात. ते खाटेवर बसले होते, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून. कप अर्धाच भरलेला होता. मी खुर्चीत बसलो. खुर्चीत मी आणि समोर ते, असं कधी झालं नव्हतं.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी करंगळी, मग सगळा पंजा. दवाखाना बंद केला. असला हात लोकांच्या तोंडात घालायचा नसतो."

"मला सांगायचं होतं ना, डॉक्टर."

"फोनवर लाटा विचारल्या की. वारा विचारला. बारा वर्षांत कधी विचारला होता का मी वारा? मला वाटलं, तू ओळखशील."

तेवीस मोसमांची वही माझ्याजवळ आहे. पाण्याचा रंग बदलला तर मी मैलावरून सांगतो. माणसाचं एक पानही मी कधी लिहिलं नाही. हे मला त्या खुर्चीत बसून कळलं, आणि तरी माझ्या तोंडून निघालं ते दुसरंच.

"पण मग लाडोबाला कसं सांगितलंत?"

"कोण लाडोबा?"

"मेव्हणा माझा."

डॉक्टरांना हसू आलं. चहा हिंदकळला. "नाव छान आहे. अरे, त्याला सांगणं सोपं होतं. त्यानं मला आधी कधी शीड धरताना पाहिलेलंच नाही. त्याला हा हात म्हणजेच मी."

"मी काय केलं असतं? माझ्याकडे यायचं होतंत. मी..."

"तू रॉडला हात लावला असतास?"

मी हो म्हणणार होतो. देवाशपथ, म्हणणारच होतो. पण मनात ते चित्र आलं, माझा हात, त्यांचा रॉड, आणि मग काठीवर झेंडा, की काठीवर काहीच नाही, आणि मी ते ठरवत बसलो. एका 'हो'ला एवढा वेळ लागत नाही. खाली गल्लीत कुणीतरी सायकल लावली, कुलूप घातलं, किल्ली काढली आणि निघून गेलं, तरी माझं उत्तर तयार नव्हतं.

"बघ," डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मला तुझा राग नाही. भिंतीवर सव्वीस आहेत ना, ते खरे आहेत. तुझ्या बोटीवर हात लागला असता तर मला तेही खोटे वाटायला लागले असते. म्हणून नाही आलो. आणि समुद्रावर तर यायचं होतं."

"उद्या?"

"उद्या त्याच्याबरोबर. दीडच्या आत परत."

तिसऱ्या दिवशी जोडपं आलं नाही. नवऱ्यानं उरलेला संसार जमिनीवरच करायचं ठरवलं असावं. मी आणि खलाशी दोघेच निघालो. बोट धक्क्याला बांधून मी त्या दिवशी काय करणार होतो? पाणी किंचित गढुळलं होतं, शिवण रात्रीत तीन मैल बाहेर सरकली होती आणि तुटक झाली होती. सहावा दिवस असाच असतो, वहीत सहा ठिकाणी लिहिलंय. दक्षिणेकडच्या खडकाच्या बाहेर मला पक्षी दिसले आणि पाण्यातून वर आलेले तीन पर. माझ्या गळांच्या मागेच आले. खलाशी रॉडकडे धावला.

"गळ आत घे," मी म्हणालो.

"काय?"

"गळ आत घे," मी त्याच्या चांगल्या कानात सांगितलं, आणि रेडिओ उचलला. "ऐकतोयस का? दक्षिणेच्या खडकाबाहेर ये. नऊ मैल. शिवणीवर तीन शिडं आहेत, भुकेली आहेत."

लाडोबाचा आवाज आला. "भाऊजी, तुमचे गळ पाण्यात असतील ना?"

"माझे गळ आत आहेत. पक्षी आहेत तोवर ये."

वीस मिनिटांत तो आला. मी त्याला जागा दिली, बोट बाजूला घेतली आणि तिचं तोंड फिरवलं. किनाऱ्याकडे. दुर्बीण खोक्यात घातली आणि खोक्याचं कुलूप लावलं. मागे रीळ ओरडलं तेव्हा खलाशी म्हणाला, "तिकडे शीड लागलंय, तुम्ही इकडे काय बघताय?"

"किनारा."

"किनाऱ्याला काय झालं?"

पाठ केली म्हणून कान बंद होत नाहीत. रीळ ओरडत होतं, थांबत होतं, परत ओरडत होतं. मध्येच डॉक्टरांचा आवाज आला, मोठ्यानं, शब्द कळले नाहीत. मग दोघांचं हसणं. बावीस मिनिटं मी किनाऱ्याकडे बघत उभा होतो आणि त्या बावीस मिनिटांत मला जितका मत्सर वाटला तितका पहिल्या दोन दिवसांत मिळूनही वाटला नव्हता. आधी मला वाटत होतं, माझं काहीतरी चोरलंय. आता माहीत होतं की कुणी काही चोरलेलं नाही. चोराचा निदान राग तरी धरता येतो.

धक्क्यावर मी आधी पोचलो. आदल्या दिवशीची सगळी माणसं जमलेली, आणि सगळी चोरून माझ्याकडे बघणारी. मी वाक्य तयार ठेवलं होतं. मला कुणी विचारलं की म्हणायचं, 'मी काही पाहिलेलं नाही, माझी हरकत नाही.' तसं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. एवढ्या वर्षांत धक्क्यावर असलं वाक्य मी पहिल्यांदाच बोलणार होतो आणि ते मी डॉक्टरांसाठी बोलणार होतो. मनात चार वेळा म्हणून बघितलं. जरा बरं वाटायला लागलं होतं.

बोट आली. काठी मोकळी होती.

मला वाटलं, शीड सुटलं. पण लाडोबानं दोन्ही हात पसरून माप दाखवलं, मग पाण्याकडे हात करून सोडलं अशी खूण केली. डॉक्टर खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी मला हात केला, या वेळी पूर्ण वर, आणि तो सगळ्यांसमोर थरथरत होता आणि त्यांनी तो खाली घेतला नाही. झेंडा नाही, म्हणून हरकत नाही, म्हणून मला कुणी काही विचारलंच नाही. ते वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

पिशवी घेऊन निघताना ते माझ्यापाशी थांबले. "तारीख बरोबर निघाली हं."

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण विचारलं.

"फोन करीन की. तारीख तूच सांगायची." आणि माझ्या खांद्यावर तोच हात ठेवून गेले. शर्टाच्या आत खांदा कितीतरी वेळ हलत असल्यासारखा वाटत होता.

त्या संध्याकाळी लाडोबा आमच्याकडे जेवायला होता. बहिणीनंच बोलावलं होतं, मला न विचारता. ताटं वाढली तेव्हा त्यानं खिशातून घडी काढून माझ्यापुढे ठेवली. सत्ताविसावा झेंडा. "डॉक्टरांनी तुम्हाला द्यायला सांगितलाय. म्हणाले, तांडेलच्या खणात राहू दे."

बायकोनं तो उचलला आणि खणात ठेवला. आम्ही जेवायला लागलो. लाडोबाच्या उजव्या पंजावर, आडवा, रॉडचा लाल वळ उठला होता. त्याला घास नीट धरता येत नव्हता.

"जड होतं का?" मी विचारलं.

"शीड? तेवढं नाही." त्यानं पंजा उघडून बघितला. "डॉक्टर म्हणाले, माझा हात सोडवू नकोस, वरून धर. म्हणून त्यांचा पंजा माझ्या पंजाखाली होता. आधी नुसता थरथरत होता हो, पाखरू धरल्यासारखं. आणि मग शीड पळालं ना भाऊजी, पहिला जोर मारला ना, तेव्हा थांबला. एकदम थांबला. दोन-तीन मिनिटं अगदी दगडासारखा. मला कळलं, आता हेच धरतायत, मी नाही. पण हात काढला नाही. त्यांनाही कळलं. तेव्हाच ते ओरडले."

"काय ओरडले?" बायकोनं विचारलं.

"'बघ,' एवढंच. 'बघ, बघ.'"

सव्वीस शिडं मी त्या माणसाला दाखवली, दिवस काढून दिले, वारे सांगितले, एकदाही हात लावला नाही, आणि त्यांचा हात थांबलेला कसा लागतो ते लाडोबाला माहीत आहे. मला ते कुठल्याही वहीत सापडणार नाही. आता हे लपवण्यात अर्थ नाही. मला त्याच्या बोटीचा हेवा वाटत नव्हता, गिऱ्हाइकाचा नव्हता, झेंड्याचाही नव्हता. मला त्या वळाचा हेवा वाटत होता, इतका की मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"अहो, जेवा ना," बायको म्हणाली. "आता काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. माझा उजवा हात ताटाशेजारी पडला होता, आणि त्याच्यावर काहीच उमटलेलं नव्हतं.